तेल प्यालेली खुंटी

दोन हजार तेवीस साल. मला एकाहत्तर पुरी होऊन बहात्तरावं लागलं होतं. वय नेमकं सांगून ठेवतो, कारण आमच्या गावातले लोक माझं वय त्यांच्या सोयीनं कमीजास्त करतात. पंगतीत वाढायला माणूस कमी पडला की मी साठीचा, आणि मंदिराच्या बैठकीत मी तोंड उघडलं की ऐंशीचा.

आमचं गाव पूर्णेपासून चार कोसांवर. दर माघात मंदिरात सप्ताह बसतो. सात दिवस, रात्र न् दिवस नाम चालतं आणि ते सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. ती कुणाच्या तरी गळ्यात पाहिजे, आणि तो माणूस उभा पाहिजे. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. मधे कुठं टेकवली की सप्ताह मोडला.

पहिल्या दिवशी पूजा झाली की पहिला पहारा माझा, सकाळी सहा ते आठ. एक्केचाळीस वर्षं माझा, आणि माझ्या आधी माझ्या वडिलांचा, कारण वीणाच मुळी त्यांनी आणलेली. पूर्णेच्या जंक्शनला रेल्वेतून उतरले आणि चार कोस डोक्यावर घेऊन आले. वाटेत कुठंच खाली ठेवली नाही, असं ते मरेपर्यंत सांगायचे. मला वाटतं वाटेत सगळा चिखल होता, ठेवणार कुठं? पण हे मी त्यांच्यासमोर कधी बोललो नाही.

पहाऱ्यांची यादी मंदिराच्या भिंतीवर काळ्या फळ्यावर खडूनं लिहिलेली आहे. सप्ताह झाला तरी ती कुणी पुसत नाही, वर्षभर तशीच असते. पहिल्या ओळीत माझं नाव. दुसऱ्या ओळीत गुरुजींचं. बाकीच्या दहा ओळी मी कधी वाचल्या नाहीत. पहिली ओळ बिगरचष्म्याची दिसते, तेवढं पुरतं.

गुरुजी आमच्याच गावचे. शाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण नेहरू शर्टाच्या खिशात अजून खडू असतो. एखाद्याला तंबाखूची पुडी लागते तसा त्यांना खडू लागतो. बोलता बोलता काढतात आणि ओट्यावर नकाशा काढून दाखवतात. तुम्ही नुसतं विचारा, पूर्णेची गाडी किती वाजता? ते आधी रूळ काढतील.

माझं आणि खडूचं नऊ वर्षांचा असल्यापासून वाकडं आहे. तिसरीत होतो. मास्तरांनी फेकलेला खडू माझ्या कपाळाला लागला. मी उचलून परत फेकला. माझा नेम मास्तरांपेक्षा चांगला होता. त्या दिवसानंतर मी शाळेत गेलो नाही आणि खडूला हात लावणार नाही असं घरी सांगून टाकलं. वडील म्हणाले, बरं, मग वखराला लाव. तेव्हापासून वखर धरला. लिहिता वाचता येतं तेवढं मागून पोथ्या वाचून वाचून आलं. म्हणून या लिहिण्यात कुठं काना-वेलांटी चुकली तर तो दोष त्या मास्तरांच्या नेमाचा.

आता मूळ गोष्ट. वीणेला चार तारा, चार खुंट्या. चौथी खुंटी जाड तारेची. ती पिळून पिळून झिजली होती आणि भोकात सैल झाली होती. तीन वर्षं आम्ही तिच्यावर इलाज केले. आधी कागद कोंबला, मग चिंधी, मग कुणीतरी बोटाला लावायची चिकटपट्टी गुंडाळली. आदल्या वर्षीच्या सप्ताहात, बाहेरगावचे महाराज कीर्तनाला उभे, मंडप भरलेला, सगळे कान देऊन ऐकतायत, आणि खुंटी फिरली. जाड तार अशी ओरडली की म्हशीच्या शेपटीवर पाय पडावा. महाराज थांबले. वीणेकडं पाहिलं, मग ज्याच्या गळ्यात होती त्याच्याकडं पाहिलं. तो मी नव्हतो, हे इथं मुद्दाम लिहितो.

सप्ताह झाल्यावर मंदिरात बैठक बसली. गुरुजी उठले.

"वीणेत आता दम राहिला न्हाई. वर्गणी करू अन् नवी आणू."

मागून एक तरणा गडी म्हणाला, "आजकाल मशिन मिळतंय की. बटन दाबलं की सात दिवस वाजतंय. गळ्यात घालायचं कामच न्हाई."

मी म्हणालो, "मग पहाऱ्याला कुणाला उभं करावं? चार्जरला?"

लोक हसले. गुरुजी हसले नाहीत. "दादा, हसण्यावारी नेऊ नका. खुंटी पार झिजलीय."

"झिजली तर झिजली. गुरुजी, तुमचा पुढचा दात पडला तवा तोंड बदललं का तुमी?"

"दात बसवून घेतला."

"मग मी बी खुंटी बसवतो."

"तुमी?" त्या एका शब्दासरशी गुरुजींनी अशी नजर फिरवली, जणू चौथीच्या पोरानं सातवीचं गणित मागितलंय. मी तर चौथीलाही गेलेलो नाही.

माझं डोकं गरम झालं. उभा राहिलो आणि सगळ्या बैठकीसमोर बोलून बसलो, "एक साल द्या. मी बसवलेली खुंटी सप्ताहात जरा जरी फिरली, तर पहिला पहारा सोडला म्हणून समजा. गुरुजींनी उभं राहावं माझ्या जागी."

गुरुजी म्हणाले, "दादा, एवढं बोलू नका." मी म्हणालो, "बोललो."

घरी आल्यावर आमची मंडळी म्हणाली, "खुंटी कधी केली होती का जल्मात?"

"कुऱ्हाडीचे दांडे किती केले?"

"कुऱ्हाडीवर भजन म्हणत्यात का?"

उत्तर सुचलं ते दुसऱ्या दिवशी, आणि तेव्हा ती शेतात गेली होती.

गावच्या सुताराकडं जुनी खुंटी घेऊन गेलो. तो आता प्लायवूडची कपाटं करतो. त्याच्याकडं लाकूड कमी आणि फेविकॉल जास्त. खुंटी फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाला, "दादा, ह्याला शिसम पाहिजे. अन् लय जुनं, पुरतं वाळलेलं. कच्चं घेतलं तर आकसंल अन् पुन्हा फिरंल."

"बाभूळ?"

"बाभूळ तुमच्यासारखी हाय. मजबूत हाय, पण जिकडं वाकायचं तिकडंच वाकती."

जुनं शिसम कुठून आणायचं? उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, सोयाबीन निघालं, तूर फुलावर आली, तरी मला शिसम मिळेना. वाटेत कुणाच्या दारात जुना पलंग दिसला की मी त्याचे पाय बघत थांबायचो. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला चक्कर आली. मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी चुलीपुढं चहा पीत होतो. मंडळी नातवासाठी पोळी लाटत होती. लाटणं पुढं जायचं, मागं यायचं, पुढं जायचं, मागं यायचं. काळंभोर, गुळगुळीत, उजेडात चमकत होतं. पन्नास वर्षांपूर्वी तिच्यासोबत राणीसावरगावहून, तिच्या माहेराहून आलेलं. शिसमाचं.

पन्नास वर्षं वाळलेलं शिसम माझ्या घरात, आणि मी लोकांच्या पलंगाला नजर लावतोय.

ती भाजी निंदायला गेली की मी करवत काढली. अर्धंच कापलं. सगळं कापलं असतं तर तो अन्याय झाला असता.

पुढचे चार दिवस मी गोठ्यात बसून खुंटी केली. आधी चाकूनं तासली, मग फुटलेल्या काचेच्या कडेनं खरवडली. काचेनं लाकूड रेशमासारखं निघतं. जुनी खुंटी शेजारी ठेवून दर घटकेला माप घेत होतो. एका टोकाला जाड, दुसऱ्याकडं निमुळती होत जाणारी. तार ओवायचं भोक तापलेल्या दाभणानं पाडलं. स्वतःची तारीफ स्वतः करू नये म्हणतात. पण सुतारानं ती उजेडात धरून तीनदा उलटसुलट करून पाहिली, एवढं लिहितो.

पाचव्या दिवशी घरात आवाज झाला. "लाटणं कुठंय?"

"असंल कुठंतरी."

थोड्या वेळानं ती कणगीमागून अर्धा तुकडा घेऊन बाहेर आली. माझ्यापुढं धरला.

"हे काय हाय?"

"लाटणं."

"अर्धं?"

"पोळ्या बारक्या होतील. तुझेच हात कमी दुखतील."

ती काही बोलली नाही. हे वाईट लक्षण. बोलली असती तर संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. मी म्हणालो, पूर्णेच्या बाजारातून नवं आणतो. ती म्हणाली, "आणा. ते बी कापायला होईल."

आता चुकीकडं येतो. ही चूक एखाद्या वाजवणाऱ्यानं कधी केली नसती. ती शेतकऱ्यालाच सुचावी अशी आहे.

आमच्याकडं नवं लाकूड वापरात आणायचं म्हणजे त्याला आधी तेल पाजायचं. कुऱ्हाडीचा दांडा असो, खुरप्याची मूठ असो, तिफणीचं काही असो, करडीच्या तेलात भिजवायचं, उन्हात ठेवायचं, पुन्हा भिजवायचं. लाकूड तेल पितं, मग फाटत नाही, कीड लागत नाही, पाणी मुरत नाही. माझ्या वडिलांनी केलेला कुऱ्हाडीचा दांडा आजही घरात आहे. तर मी खुंटी वाटीत उभी केली आणि वर करडीचं तेल ओतलं. तीन दिवस. दुपारी उन्हात, संध्याकाळी पुन्हा वाटीत.

मंडळीनं वाटी पाहिली. "खुंटीला तेल कशाला? धरायची वस्तू हाय ती."

"लाकडाला तेल पाजल्याबिगर लाकूड टिकतं का?"

"मला काय कळतंय. मी आपली पोळ्या लाटणारी. ते बी बंद केलं तुमी."

सप्ताहाच्या आदल्या दिवशी मी मंदिरात जाऊन खुंटी बसवली. लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. लोक बघत होते. मी म्हणालो, "पहा, जागेवर कशी गेली." गुरुजींनी चष्मा वर करून पाहिलं. "गेली खरी," म्हणाले. तार नुसती ओवून ठेवली, कारण आमचा रिवाज असा, की तारेला ताण पूजेनंतरच द्यायचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे पूजा झाली. हार घातला, नारळ फुटला, वीणा माझ्या गळ्यात आली. मी खुंट्या पिळल्या. तीन जुन्या आणि एक नवी. चारी तारा लागल्या. मी छेडल्या. गोड वाजल्या. सगळ्या मंडपानं गजर केला, टाळ वाजले, आणि त्या गजराच्या आवाजात मला माझ्या कानाजवळ एक बारीक आवाज आला. सुर्र.

जाड तार उतरली होती.

मी हळूच पिळली. पुन्हा लागली. मी दहादा 'रामकृष्णहरी' म्हणालो असेन, तोवर पुन्हा सुर्र. जुनी खुंटी बरी, ती निदान महाराज यायची वाट पाहायची. ही तर तेल पिऊन आली होती. जितकी पिळावी तितक्या खुशीनं परत फिरायची.

मग मी डावा हात वर नेला आणि खुंटी चिमटीत आवळून धरली. उजव्या हातानं तारा छेडायच्या, डाव्या चिमटीनं खुंटी आवळायची, तोंडानं नाम. पाच मिनिटांत अंगठा दुखायला लागला. दहा मिनिटांत त्याला मुंग्या आल्या. समोर बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बग माय, कशी मान वाकडी करून कान लावून ऐकायलेत. असा भाव पाहिजे." मी डोळे मिटून घेतले, कारण उघडे ठेवले असते तर पाणी दिसलं असतं. त्यावर ती म्हातारी आणखी काही म्हणाली, ते मी ऐकलं नाही.

दोन तास. दोन तास ती खुंटी मी धरून ठेवली. एक्केचाळीस वर्षांत एवढा लांब पहारा झाला नाही.

आठ वाजले. लोक चहा-फराळाला उठले. मंडपात उरल्या दोन म्हाताऱ्या, हार ओवणाऱ्या, आणि त्या दोघींनाही कमी ऐकू येतं. गुरुजी आले. मी त्यांच्या पाया पडलो, ते माझ्या पाया पडले. मी वीणेचा पट्टा त्यांच्या गळ्यात घातला. डावा हात सोडायचं जिवावर आलं. सोडला.

सुर्रर्र.

गुरुजींनी चमकून खुंटी धरली. बोटं चोळली. मग बोटं नाकाशी नेली. वास घेतला. माझ्याकडं पाहिलं. वीणा गळ्यात असली की नाम थांबवायचं नसतं, म्हणून गुरुजींनी जे विचारलं ते नामाच्या चालीवरच विचारलं.

"रामकृष्णहरी... करडीचं का हो, दादा... रामकृष्णहरी..."

मी खाली मान घालून म्हणालो, "व्हय."

"रामकृष्णहरी... खुंटीला तेल... कुणी लावतं का... रामकृष्णहरी..."

"लाकडाला पाजतेत म्हणून पाजलं."

"कुऱ्हाडीला पाजतेत... रामकृष्णहरी... खुंटी घासूनच धरून राहती... रामकृष्णहरी..."

आता कळलं. मंडळीनं वाटी पाहून हेच म्हणलं होतं, पण तिनं ते चालीवर म्हणलं नव्हतं.

मी इकडं तिकडं पाहिलं. नऊ वाजता पारायणाला माणसं येणार. तोवर काही तरी केलं पाहिजे. वीणा खाली ठेवता येत नाही, म्हणजे गुरुजींच्या गळ्यात असतानाच खुंटी काढून नीट करायची. मी तार ढिली केली आणि खुंटी ओढली. ती हसतच बाहेर आली. धोतराच्या सोग्यानं पुसली. धोतर तेलकट झालं, खुंटी तशीच. स्वयंपाकाच्या चुलीवर गेलो, मूठभर राख आणली, चोळली, बसवली, पिळली. राखेमुळं तिनं थोडं ऐकलं. गुरुजींनी एकदा जोरात तार छेडली आणि सुर्र.

राख पुन्हा आणली. या वेळी कुणीतरी विचारलं, "दादा, राख कशाला?" मी म्हणालो, "दात घासायला." बहात्तराव्या वर्षी मला सहा दात आहेत, त्याला पटलं असेल की नाही कोण जाणे.

तिसऱ्यांदा सुर्र झाल्यावर गुरुजींनी हनुवटीनं स्वतःच्या छातीकडं खूण केली.

"रामकृष्णहरी... खिशात... रामकृष्णहरी... खिशात बघा..."

मला माहीत होतं खिशात काय आहे.

"ते न्हाई," मी म्हणालो.

"खडूच लागतो खुंटीला... रामकृष्णहरी... सगळे वाजवणारे लावतेत..."

"मी खडूला हात लावत न्हाई. नऊ वर्षांचा असल्यापास्नं."

गुरुजींनी डोळे मोठे केले. नाम चालू होतं, हात चालू होता, फक्त भुवया मला बोलत होत्या. मला त्या तिसरीच्या मास्तरांची आठवण झाली. मग गुरुजी, अजूनही चालीवरच, पण जरा चढ्या आवाजात म्हणाले, "मला हात न्हाई मोकळा... पावणेनऊ झालेत... रामकृष्णहरी... माणसं यायलीत... पहारा कुणाचा जाईल बघा..."

बाहेर चपलांचा आवाज आला.

मी गुरुजींच्या खिशात हात घातला. आत सुपारीचं खांड, गाडीची चावी, औषधाच्या गोळ्यांचं पाकीट, आणि त्याखाली तीन खडू. एक काढला. बोटांना तो कोरडा कोरडा लागला. बासष्ट वर्षांनी. खुंटीवर घासला, सगळीकडून, पांढरीफटक होईपर्यंत. मग भोकातही घासला. खुंटी बसवली आणि पिळली. या वेळी ती सुर्र म्हणाली नाही. कर्र म्हणाली. दात-ओठ खाऊन जागेवर बसावं तशी बसली.

गुरुजींनी छेडली. पुन्हा छेडली. आणखी जोरात. तार जागची हलली नाही.

"रामकृष्णहरी," गुरुजी म्हणाले, आणि या वेळी त्यात दुसरं काही मिसळलं नाही.

पारायणाची माणसं आत आली तेव्हा मी शहाण्यासारखा खांबाला टेकून बसलो होतो. हातातला खडूचा तुकडा मुठीत दाबून धरला होता. तो गुरुजींना परत द्यायचा राहिला.

सात दिवस खुंटी फिरली नाही. दिवसातनं चार वेळा मी मंदिरात जाऊन बघून यायचो. लोक म्हणायचे, दादाला चैन पडत न्हाई. गुरुजी भेटायचे, "काय म्हणतीय?" विचारायचे. मी म्हणायचो, "गप हाय." बस, एवढंच बोलणं. त्या सकाळबद्दल गुरुजींनी कुणाला एक अक्षर सांगितलं नाही. मी सात दिवस वाट पाहिली, की आता सांगतील, आता सांगतील. न सांगून त्यांनी मला जास्त बेजार केलं.

घरी मंडळी काल्याच्या पोळ्या करायला बसली. पन्नास माणसांच्या पोळ्या आमच्या घरी होत्या. नवं लाटणं मी बाजारातून आणलं होतं. तिनं ते हातात घेतलं, वजन पाहिलं, आणि बाजूला ठेवलं. मग सरबताची काचेची बाटली घेतली आणि त्या बाटलीनंच पोळ्या लाटायला लागली. शेजारच्या बायका मदतीला आलेल्या. एकीनं विचारलं, "काकू, बाटलीनं कामून?"

"ह्यांनी लाटणं वाहिलं देवाला," ती म्हणाली. "अर्धं."

काल्याच्या दिवशी वीणा गळ्यातून उतरली आणि गादीवर ठेवली गेली. मग गावचा एक मोठा माणूस माइकवर उभा राहिला आणि म्हणाला, की यंदा वीणेनं सात दिवस एकदाही दगा दिला नाही, आणि याचं श्रेय दादांना. मला बोलावलं. नारळ दिला, खांद्यावर शाल टाकली. टाळ्या वाजल्या. सगळ्यात आधी गुरुजींनी वाजवल्या. मी नारळ घेतला. तोंडून काहीच निघेना. लोकांना वाटलं, भरून आलं. मी पुन्हा खाली येऊन बसलो आणि तो नारळ मांडीवर असा जड झाला, की विचारू नका. समोर भिंतीवर फळा होता. पहिली ओळ मला बिगरचष्म्याची दिसत होती.

संध्याकाळी घरी शाल काढून खुंटीवर टांगली. भिंतीच्या खुंटीवर. ती कधी फिरत नाही. मंडळी म्हणाली, "आता खुश?"

"फिरली होती," मी म्हणालो.

"ठाऊक हाय मला."

"कुणी सांगितलं? गुरुजीनं?"

"धोतरानं. एका सोग्याला करडीचं तेल, राख, अन् दुसऱ्याला खडू. म्या धुतलंय ते. तीन वेळा धुतलं."

ती कापूस वळत होती, वाती करत होती. हातातली वात पुरी करून म्हणाली, "बैठकीत बोलला होता ना तुमी?"

"कुणाला ठाऊक हाय फिरली ते?"

"गुरुजीला हाय."

"ते न्हाई सांगत."

"मला हाय."

"तू बी न्हाई सांगणार."

"अन् तुमाला?" असं म्हणून ती वाती गोळा करायला लागली. तिचं बोलणं असंच असतं. मारायचं आणि वाती गोळा करायच्या.

झोप बरी लागली, हे खोटं लिहीत नाही. दमलो होतो. पण उठलो लवकर. मंदिरात कुणी नव्हतं, मंडपाचे बांबू काढायचे बाकी होते. फळ्यापुढं उभा राहिलो. धोतराच्या सोग्यानं पहिली ओळ पुसली, दुसरी पण पुसली. मग कोपरीच्या खिशातून तो खडूचा तुकडा काढला आणि पहिल्या ओळीत गुरुजींचं नाव लिहिलं. अक्षर उतरंडीला लागलं, शेवटची दोन अक्षरं खालच्या ओळीत गेली. म्हणून माझं नाव दुसऱ्या ओळीत जरा दाबून, बारीक लिहावं लागलं. लांबून पाहिलं. बिगरचष्म्याचं माझं नाव दिसेना.

खडू अजून बोटाच्या पेराएवढा उरला होता. तो खिशात परत टाकला. तो काही मी गुरुजींना दिला नाही.